हात मागू नकोस

"एक लक्षात ठेव, त्याच्याकडे हात मागू नकोस," मोठ्या ताई म्हणाल्या होत्या. एका कानाला फोन, दुसऱ्या हातात औषधांची पिशवी आणि पायाशी तो लांब कानांचा बीगल कुत्रा, जिना नावाची गोष्ट जन्मात पाहिली नसल्यासारखा पहिल्या पायरीकडे बघत उभा.

तिने मान डोलावली आणि कडेवरची चिमी सावरली. बाळ झाल्यापासून जो तो तिला काही ना काही बजावून जाई, त्यामुळे या कानाने ऐकून त्या कानाने सोडायची विद्या तिला चांगलीच अवगत झाली होती. दार लागल्यावर नवरा म्हणाला, "हात मागायला मी काय याच्यासाठी स्थळ घेऊन आलोय?" दोघंही हसली. विषय संपला.

मोठ्या ताईंचं काम सरळ होतं. औषधांच्या प्रयोगशाळांतून सुटलेले बीगल ताब्यात घ्यायचे, काही महिने कुणाच्या तरी घरी ठेवून माणसांत आणायचे आणि मग कायमचं घर बघून द्यायचे. प्रयोगांना नेमकी हीच जात का, असं तिने विचारलं होतं. "चावत नाहीत म्हणून," ताई म्हणाल्या. "गुणच नडला बिचाऱ्यांना." नाव ठेवायचं नाही, ते नवं घर ठेवील, असाही ताईंचा दंडक होता. म्हणून ही दोघं त्याला नुसतं पाहुणा म्हणत.

पाहुण्याचा काही म्हणता काही त्रास नव्हता. तो भुंकत नसे. वाडग्यातलं पाणीसुद्धा खोलीत कुणी नसलं की पीत असे. बागेत नेलं तर गवताच्या कडेला येऊन थांबे, निखाऱ्यांवर पाय ठेवायचा असावा तसा. चिमी रांगत जाऊन त्याचे कान ओढी. तो उभा राही, बस. चिमीची आई मात्र डोळ्यांत तेल घालून बसलेली. गुरगुरणाऱ्या कुत्र्यापासून बाळाला कसं जपायचं हे तिने वाचून ठेवलं होतं. काहीच न करणाऱ्या कुत्र्याचं काय करायचं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

एकदा ती चटईवर बसून चिमीची नखं कापत होती. कटरचा कट्‌ असा आवाज झाला आणि कोपऱ्यातला पाहुणा उठला. तिच्यासमोर येऊन बसला, पुढचा उजवा पाय सरळ तिच्यापुढे धरला आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

ती थक्क झाली. आपणहून तो पहिल्यांदाच जवळ आला होता. पाय तसाच हवेत, किंचित थरथरणारा. "शहाणं गं माझं बाळ ते," म्हणत तिने तो हातात घेतला. त्याने ओढून घेतला नाही. तिने सोडल्यावरच तो उठून कोपऱ्यात गेला.

"ताई हात मागू नकोस म्हणाल्या होत्या ना?" नवऱ्याने आठवण करून दिली.

"मी कुठे मागितला? त्यानेच दिला."

मग ते रोजचंच झालं. तिने खाली बसायचा अवकाश, की पाय पुढे. नवऱ्याने व्हिडिओ काढला: चिमीच्या इवल्याशा मुठीत पाहुण्याचा पाय, आणि पाहुणा लाजल्यासारखा दुसरीकडे बघतोय. लाजतोय, असंच सगळे म्हणाले. व्हिडिओ या फोनवरून त्या फोनवर गेला आणि ज्याला महिनोन्‌महिने कुणी विचारलं नसतं त्याला स्थळांची रांग लागली. ताईंना तो दिसला नाही, कारण त्यांचा फोन बटणांचा. त्यांनी एवढंच विचारलं, "माणसं नीट आहेत ना?"

माणसं खरंच नीट होती. चपलांचा दुकानदार, त्याची बायको, दोन गोड मुलं, घरामागे अंगण. न्यायला आले तेव्हा पाहुण्याने एकेकाला ओळीने पाय दिला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या.

पुढे चिमीचा ताप उतरेना म्हणून रक्त तपासायचं ठरलं. दवाखान्यातल्या नर्सने दंडाला पट्टा बांधला. "आई, हात सरळ धरा. आणि तोंड तिकडे वळवा बाळाचं, सुई दिसायला नको."

तिने चिमीचा हात सरळ धरला, तोंड वळवलं. पुढे आलेला सरळ हात. भिंतीकडे वळलेलं तोंड. हे तिने रोज पाहिलं होतं.

सुई टोचली तशी चिमीने दवाखाना डोक्यावर घेतला. त्याही स्थितीत तिच्या मनात आलं, रडते आहे हे किती बरं आहे.

"शहाणं गं बाळ," नर्स म्हणाली.

बाहेर येऊन तिने ताईंना फोन लावला. "तुम्ही कारण का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की लोक एकतर नेत नाहीत, नाहीतर कीव करत बसतात," ताई म्हणाल्या. "अगं, तो हात नाहीच, पाय आहे. त्याने पुढे केला की आपले हात पाठीमागे बांधायचे. घ्यायचा नाही. मग दमून एक दिवस तो स्वतःच खाली ठेवतो. आपण नाही दिला तरी चालतं, हे कळायला महिने जातात. कळलं की काही जण भुंकायलाही लागतात."

"आणि घेत राहिलं तर?"

"तर काय. देत राहतो."

दुकान बाजाराच्या टोकाला होतं, काचेच्या दाराचं. दाराशी गादीवर तो बसलेला, गळ्यात निळा पट्टा. नाव ठेवलं होतं साहेब. "साहेब, हात द्या," गिऱ्हाईक म्हणे आणि साहेब हात देई, तोंड चपलांच्या कपाटाकडे वळवून.

"लोक पाय दाखवायला येतात आणि हात मिळवून जातात," दुकानदार कौतुकाने म्हणाला. "या वहिनी, बसा. ओळखलं का बघा त्याने."

ओळखलं असावं. तिला बघून त्याने पाय पुढे केला. तिने हात पाठीमागे घट्ट बांधले. पाय हवेत राहिला, थरथरू लागला. ती मनात म्हणत होती, ठेव, ठेव रे खाली. तेवढ्यात कुणाची तरी मुलगी धावत आली. "कुणी घेईना का बिचाऱ्याचा?" त्या मुलीने तो घेतला.

त्या पायाला लाल मोजा होता. सारखा चाटतो, कातडी सोलवटली म्हणून घातलाय, दुकानदार म्हणाला; मोजा मात्र गिऱ्हाइकांना फार आवडला.

तिने त्याला सगळं सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. ऐकताना त्याचा चेहरा उतरला. मग म्हणाला, "पण वहिनी, इथे सुई कुठे आहे?"

"त्याला कुठे माहीत आहे?"

त्याने वाकून साहेबाचा मोजा सारखा केला. "मला परत द्या," ती म्हणाली. घरी विचारलंही नव्हतं तिने.

"माझी पोरं त्याच्याशिवाय झोपत नाहीत. दिलेलं परत मागतात का कुणी?" आणि तिला दारापर्यंत सोडताना, आवाज खाली आणून, "राग मानू नका, पण तुम्ही येऊ नका. मागे खुशाली विचारायला तुमचा फोन आला, तेव्हा मी स्पीकरवर टाकला होता. तुमचा आवाज ऐकून दोन दिवस त्याने अन्नाला तोंड लावलं नाही."

खरं की खोटं, तिला कळायला मार्ग नव्हता. खरं असेल या भीतीने ती पुन्हा गेली नाही. ताईंनी हात टेकले: खायला घालतात, फिरवतात, जीव लावतात, कोणत्या तोंडाने परत मागू? आणि आणून ठेवू कुठे, परवाच गाडी भरून नवे आलेत. नवरा फोनवरून व्हिडिओ काढून टाकू शकला, दुसऱ्यांच्या फोनवरून नाही.

चिमी आता उभी राहते. नखं कापताना आई जमिनीवर बसत नाही, खुर्चीवर बसते.

जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्यांना तिचं सांगून झालंय. लोक जातात आणि हात मिळवून येतात, फार गोड आहे म्हणतात. आता उरलात तुम्ही. काचेचं दार, दाराशी गादी, लाल मोजा. चपला घ्यायच्या नसल्या तरी आत जा. तो पाय पुढे करील. तेव्हा हात पाठीमागे बांधून उभे राहा, दुसऱ्या कुणाला घेऊ देऊ नका, आणि जमेल तितका वेळ थांबा. तो खाली ठेवतो का, एवढंच तिच्यासाठी बघून या. नाही ठेवला तरी येऊन सांगा.