कानरावांचा ठिपका

पाणीखात्यात कानरावांविषयी जे जे सांगितलं जायचं त्यातलं निम्मं खोटं होतं, आणि उरलेल्या निम्म्यावर कुणाचा विश्वास बसत नसे. रस्त्यावर सळई टेकवून, तिच्या लाकडी मुठीला कान लावून, दीड पुरुष खोल पाइपाला पडलेलं मोहरीएवढं भोक त्यांनी ओळखलं होतं, हे खरं. पलीकडच्या गल्लीतल्या सासूने सुनेला मारलेला टोमणाही त्यांना त्याच पाइपातून ऐकू आला आणि त्यांनी जाऊन सुनेची बाजू घेतली, हे मात्र जरा बेताने घ्यावं. पण पस्तीस वर्षांत त्यांनी दाखवलेल्या जागी खणलेला एकही खड्डा फुकट गेला नव्हता. म्हणून खरं नाव कागदोपत्री राहिलं आणि खातं त्यांना कानराव म्हणू लागलं.

त्यांची सून त्याच खात्यात, दुसऱ्या मजल्यावर, भिंतीएवढ्या नकाशापुढे बसे. दीड वर्षापूर्वी फिरतीवरच्या प्रत्येक माणसाच्या खिशात खात्याचा फोन आला आणि तिच्या नकाशावर त्याचा एक ठिपका. आकाशातले उपग्रह सांगत, माणूस कुठे आहे. नकाशा सांगे, तो कामाचा आहे की नाही. चालता ठिपका हिरवा. दहा मिनिटं एका जागी राहिला की लाल, आणि शेजारी अक्षरं उमटत: निष्क्रिय. लाल झालेल्यांची यादी संध्याकाळी साहेबांकडे जाई, साहेबांकडून आणखी वर.

आता गळती ऐकणारा माणूस करतो काय? बगळ्यासारखा उभा राहतो. स्वतःचं पाऊल वाजलं तरी त्याचं ऐकणं मोडतं. हे फोन बनवणाऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारायला ते आले नव्हते.

दुसरी गोष्ट जोडीची. गळतीवाले जन्मभर दोघा-दोघांनी फिरत आले. एकाने रस्त्याखालच्या चेंबरमध्ये, पाइपाच्या व्हॉल्व्हपाशी उतरायचं आणि रस्त्याचा गोंगाट आत येऊ नये म्हणून लोखंडी झाकण डोक्यावर ओढून घ्यायचं. दुसऱ्याने तोंडाशी उभं राहायचं. नकाशाला हे पटेना. एका जागी दोन ठिपके म्हणजे त्यातला एक फुकट, असं त्याचं गणित. जोड्या फोडल्या. कानरावांचा वीस वर्षांचा जोडीदार, ज्याला सगळे ठोक्या म्हणत, नदीपलीकडच्या वॉर्डात गेला. तोंडाशी उभं राहायला एक लाल निशाण आणि एक प्लॅस्टिकचा शंकू उरला.

सून दोघांचे डबे बरोबर आणायची. दुपारी एकच्या ठोक्याला कानराव जिना चढून येत आणि नकाशाकडे पाठ करून जेवायला बसत.

"मामंजी, काल अकरा वेळा लाल झालात," ती एकदा म्हणाली.

"लाजलो असेन."

"थट्टा नको. साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, हे तुमचेच ना? मान खाली गेली माझी."

"अगं, ऐकत होतो."

"मग चालता चालता ऐका."

"चालता चालता ऐकतो तो नवरा. गळती ऐकायची तर थांबावं लागतं."

तिला हसू आलं, पण तिने ते गिळलं. "मला एवढंच कळतं की तुम्ही थांबलात की बोट माझ्याकडे होतं. लाल होऊ नका. एवढं कराल ना माझ्यासाठी?"

कानरावांनी डब्याचं झाकण लावलं. "बरं," म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ठिपका वारा प्यायल्यासारखा सुटला. अठरा किलोमीटर. बावीस. एका दिवशी सत्तावीस. या गल्लीत शिरतोय, त्या गल्लीतून निघतोय, दारोदार दोन मिनिटं टेकतोय आणि पुढे. साहेब चष्मा वर करून म्हणाले, "यांचे गुडघे दुखतात म्हणाला होतात ना?" सून म्हणाली, "मनावर घेतलंय त्यांनी." तिला बरं वाटलं होतं. सासऱ्याने आपलं ऐकलं, याचं सुख कोणत्या सुनेला नसतं? त्या सुखात तिचा एक साधा प्रश्न विचारायचा राहिला, की मामंजी, एवढं चालता तर संध्याकाळी चपला अशा कोऱ्या कशा?

मग एका मंगळवारी एक वाजला आणि कानराव आले नाहीत. ठिपका कचेरीपासून चार गल्ल्यांवर होता, हिरवागार, चालता. सव्वाला तिने फोन केला. कुणी उचलला नाही. दीडला तिने एकटीने डबा खाल्ला, जरा रागातच. ठिपका डोळ्यांसमोर होता, मग काळजी कसली करायची? अडीच झाले तरी त्यांचा पत्ता नव्हता. तिने पुन्हा फोन लावला.

"हॅलो, लाँड्री."

"कोण बोलतंय?"

"लाँड्रीवाला. शर्ट उद्या मिळतील, आज इस्त्री बंद आहे."

"अहो, हा फोन माझ्या सासऱ्यांचा आहे!"

पलीकडे सायकलचा ब्रेक कर्रकन वाजला. "ताई, त्या नकाशावाल्या सूनबाई तुम्हीच का? मग मी काही बोललोच नाही असं समजा."

"कुठे आहेत ते?"

"मला काय ठाऊक! सकाळी आठला टाकीपाशी फोन देतात, साडेबाराला परत घेतात. म्हणतात, तू याला फिरवून आण, तोवर मी जरा थांबतो. आज आलेच नाहीत. मला वाटलं जेवायला गेले."

सुनेने भिंतीकडे पाहिलं. ठिपका हिरवा होता. साडेसहा तास तो हिरवा होता, आणि ती साडेसहा तास एका सायकलवर डोळा ठेवून बसली होती. त्या वॉर्डात एकशे साठ चेंबर होते. त्यांतल्या कुठल्यातरी एकात तिचा सासरा उतरला होता, आणि वर कुणी नव्हतं.

तिने ठोक्याला फोन लावला. त्याने सगळं ऐकून एकच विचारलं, "तोंडाशी कोण होतं त्याच्या?"

"कुणी नाही, काका."

तो मग म्हणाला, "ऐक आता. शुद्धीवर असेल तर तो पान्याने पाइप ठोकत असणार. तीन आणि एक, तीन आणि एक. अडकलो, असा त्याचा अर्थ. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. लोखंड आवाज लांब नेतं. पण पंप चालू असताना खाली तोफ डागली तरी कळायचं नाही. पंप बंद करव. आणि आपली सगळी माणसं त्या वॉर्डात आणून सळया टेकवून उभी कर. उभी म्हणजे उभी. कुणी पाय हलवायचा नाही."

ती साहेबांच्या खोलीत न विचारता शिरली. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांच्याही डोक्यावर साहेब होते, एवढंच.

"भर दुपारी अर्ध्या गावाचं पाणी तोडायचं?" ते म्हणाले. "आणि सगळी माणसं एका वॉर्डात? वरती हाच नकाशा दिसतो, बाई. सगळे लाल होतील."

"होऊ द्या."

"मी काय उत्तर देऊ?"

"सगळे काम करताहेत म्हणून सांगा, साहेब. आजवर ते कुणी सांगितलं नाही. मीसुद्धा नाही."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग फोनकडे. मग त्यांनी पंपघराचा नंबर फिरवला.

पंप थांबले तेव्हा गावातल्या न्हाणीघरांतून खात्याला ज्या शिव्या बसल्या, त्या एकत्र केल्या असत्या तर त्यांच्या वाफेवर एक पंप चालला असता. नऊ माणसं वॉर्डभर पांगली, नववा ठोक्या. नऊ सळया नऊ ठिकाणी टेकल्या. सून नकाशापुढे उभी राहिली, कानाला फोन, त्यावर नऊही माणसं एकाच वेळी जोडलेली, आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा ठिपके थांबायची वाट पाहिली. ते थांबले. दहा मिनिटांनी एकामागून एक लाल झाले. निष्क्रिय, निष्क्रिय, निष्क्रिय. वरून फोन आला तो तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या साहेबांनी उचलला. "दिसतंय मला," ते म्हणाले. "कामावर आहेत ते." आणि ठेवून दिला.

"शाळेपाशी काही नाही," एक आवाज आला.

"बाजाराच्या तोंडाला काही नाही."

"माझ्याकडे नुसती कुणाच्या तरी टाकीची थेंबथेंब."

मग नदीच्या अंगाला उभा असलेला एकजण कुजबुजला, जणू मोठ्याने बोललं तर आवाज उडून जाईल. "आलं. पुसट आहे. तीन... आणि एक."

सुनेने टेबल घट्ट धरलं. माणसं खोटं बोलत नव्हती आणि त्या घडीला नकाशाही खोटं बोलत नव्हता. कोण कुठे उभा आहे ते तिला नेमकं दिसत होतं. "काका, तुम्ही त्यांच्या पुढच्या चौकात जा. जवळचे दोघं मागे या." ठिपके सरकले, थांबले. मोठं की लहान? मोठं. आणखी पुढे? लहान झालं. असं करत करत ठाव दोन गल्ल्यांवर आला.

तेवढ्यात ठोक्याचा आवाज आला, आणि तो आवाज ठोक्याचा वाटेना.

"सूनबाई, हात थकत चाललाय त्याचा. ठोका ढिला पडतोय. मी उलट ठोकू का? दोन ठोके दिले की त्याला कळतं, ऐकलं म्हणून."

"मग द्या ना, काका!"

"तेच तर. उत्तर मिळालं की तो थांबणार. आम्हाला शिकवलंय तसं. ऐकलं, आता दम राख. तो थांबला तर मी शोधू कसा? अजून जागा हाती नाही." मग म्हणाला, "आणि नाही दिलं, तर त्याला वाटत राहील की वर कुणीच नाही. मला ठरवता येत नाही, पोरी. वीस वर्षं मी त्याला लगेच उत्तर दिलंय."

साहेब खाली पाहत होते. सुनेला वाटलं, हे कुणीतरी दुसऱ्याने सांगावं. मोठं असं कुणी तिथे नव्हतं.

"देऊ नका," ती म्हणाली.

चाळीस मिनिटं लागली. चाळीस मिनिटं खालून तीन आणि एक येत राहिलं, आणि वर नऊ माणसं कान लावून गप्प उभी राहिली. एकाने मूठ तोंडात कोंबली होती म्हणतात. सरतेशेवटी दोन सळयांच्या मधोमध, एका बंद गोदामापुढे, नकाशावर चेंबरची खूण होती.

"इथे चेंबर नाही," ठोक्या म्हणाला. "इथे खडीचा ढीग आहे."

सकाळी डंपर आला होता. रस्त्याच्या कामाची खडी ओतायची होती आणि मध्येच एक निशाण नि शंकू. चालकाने दोन्ही उचलून गोदामाच्या भिंतीला नीट उभे करून ठेवले होते, वाऱ्याने पडू नयेत म्हणून शंकूत एक धोंडाही घातला होता. मग खडी ओतली.

सून जीपमधून पोचली तेव्हा माणसं ढिगावर तुटून पडली होती. फावडी चार होती, बाकीचे हातांनी उपसत होते. लाँड्रीवाला सायकल टाकून आला होता आणि गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या चादरीत खडी भरभरून बाजूला ओतत होता. ठोक्या शेजारच्या चेंबरवर पालथा पडून कान लावून होता आणि ओरडून सांगत होता. झाकण दिसेपर्यंत जागेची खात्री नव्हती, म्हणून उत्तर त्याने अजूनही दिलं नव्हतं.

"तीन! एक नाही आला." मग, "दोनच." मग तो ओरडेनासा झाला. फावडी थांबली नाहीत.

झाकण निघालं. आत छातीएवढं पाणी होतं. व्हॉल्व्हच्या गळ्यातून गळून गळून चढलेलं. कानराव डावा हात व्हॉल्व्हच्या चाकात अडकवून भिंतीला टेकून उभे होते, डोळे मिटलेले. पाना केव्हाच हातातून सुटला होता. पण उजवी मूठ चालूच होती. पाइपापर्यंत पोचत नव्हती, पाण्यावरच पडत होती. तीन वेळा. मग एकदा.

"मी उतरते. हलकी आहे मी," सून म्हणाली, आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत शिडीवर होती. पाणी असं गार होतं की श्वास आत राहिला. तिने ती मूठ दोन्ही हातांत धरली. मूठ तिच्या तळव्यावर पडत राहिली.

"मामंजी, आलोय आम्ही. मामंजी, मी आहे."

त्यांना ते पोचत नव्हतं. मूठ पडत होती.

"काका!" तिने वर पाहून हाक मारली. "उत्तर द्या त्यांना!"

ठोक्याने ढोपरावर बसून पाना आत घातला आणि शिडीच्या लोखंडावर दोन ठोके दिले. पुन्हा दोन. तिच्या हातांतली मूठ अर्धी उचललेली राहिली. मग बोटं एकेक करून सुटली. कानरावांनी डोळे उघडले नाहीत, पण छाती हलत होती, आणि वरून दोर खाली आला.

दवाखान्यात ते सतरा दिवस होते. छातीत पाणी गेलं होतं ते डॉक्टरांनी काढलं. गारठा काही निघाला नाही, तो खोकल्यात राहिला. डाव्या हाताची दोन बोटं पुढे कधी वळली नाहीत. पुन्हा खाली उतरायचं नाही, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. साहेबांनी जोड्या परत सुरू करायचा कागद वर पाठवला; त्याच्यावर अजून विचार चालू आहे. तोवर गळतीवाले दोघा-दोघांनीच जातात, आणि दर जोडीमागे नकाशावर एक ठिपका का कमी दिसतो, ते सून कुणाला सांगत नाही.

घरी आल्यावर बरेच दिवस ती त्यांच्याशी औषध, पाणी, उशी, एवढंच बोलायची. एका सकाळी ती त्यांची वाकडी बोटं तेलाने चोळत होती. मान वर न करता म्हणाली,

"मामंजी, त्या दिवशी तुमचे ठोके आम्हाला ऐकू येत होते. ढीग सापडायच्या चाळीस मिनिटं आधीपासून. उत्तर देऊ नका म्हणून मी सांगितलं."

"ठोक्या बोलला मला."

"तुम्हाला काय वाटत होतं तेव्हा?"

कानरावांनी हात तसाच तिच्या हातात राहू दिला.

"वाटत होतं की कुणी नाही," ते म्हणाले. मग, खोकून झाल्यावर, "मीही दिलं नसतं."

तिने तेलाची वाटी बाजूला ठेवली आणि दुसरा हात घेतला.