श्रावणची चूक

"पुन्हा सांगा," चंद्रकला म्हणाली.

"मी रस्त्याच्या खाली, कडेले होतो."

"मंग?"

"मंग जीप आली."

"आली नाही. ठोकलं. जीपनं कोनाले ठोकलं?"

"मले. पन ते डायवर पोट्टंही बिचारं..."

"बिचारं घरी म्हना. इथं फक्त ठोकलं म्हना."

छिंदवाड्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात नवरा-बायकोची ही शाळा सकाळपासून भरली होती आणि मी मांडीवर फाइल घेऊन ऐकत होतो. मी सौंसरच्या केशवराव वकिलांचा मुन्शी. साक्षीदाराला समजावून सांगणं हे खरं तर माझं काम, पण चंद्रकलेपुढे माझी शिकवणी बंद पडली होती.

श्रावण रामाकोन्याचा. संत्र्याच्या हंगामात तो बागेबागेत जाऊन लाकडी पेट्या ठोकायचा. उकिडवं बसायचं, पायाच्या अंगठ्यांखाली फळी दाबायची, ओठांत खिळे धरायचे आणि हातोडी चालवायची. त्याच्या पेटीतून दिल्लीपर्यंत संत्रं निसटत नाही, असं बागवाले सांगत. माणूस सोन्यासारखा, फक्त त्याला एक खोड होती. जगात कुठेही काही बिघडलं की हा म्हणायचा, "माहीच चूक." कोणी त्याच्या पायावर पाय दिला, तरी याचीच चूक. पाहुण्यानं चहा सांडला, तर कप भरून दिला ही याची चूक. एकदा भाच्याच्या लग्नात बँडवाले आलेच नाहीत, तेव्हा हा मुलीच्या बापापुढे हात जोडून उभा राहिला होता, आणि बँड ठरवला होता मुलीच्या बापानंच.

"तोंडात खिळे असले तेवढाच वेळ हा मानूस गप राह्यते," चंद्रकला मला म्हणाली. "आज खिळेच आनाले पाह्यजे होते, मुन्शीजी."

मी हसलो, पण मनातून मला तेच वाटत होतं.

त्याचं असं झालं होतं. आदल्या हिवाळ्यात एका शनिवारी श्रावण फळ्यांचा भारा सायकलवर बांधून, सायकल हातानं ढकलत बागेकडे निघाला होता. मागून पांढुर्ण्याची एक जीप जामसांवलीच्या मारुतीला निघालेली, आत माणसं कोंबलेली. वळणावर जीपनं पुढच्या बसला ओलांडायला घेतलं, समोरून ट्रक आला, आणि जीप रस्ता सोडून श्रावणवर गेली. त्याचा गुडघा मोडला. हाड जुळलं, पण गुडघा वाकेना. उकिडवं बसता येत नाही, फळी दाबता येत नाही, म्हणजे हातातली विद्या असून धंदा गेला.

दावा लावला जीपच्या मालकावर आणि विमा कंपनीवर. पण अशा दाव्यात मोडका पाय दाखवून भागत नाही. गाडीवाल्याचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. आणि आमच्या या महाभागानं, पाय मोडून धुळीत पडलेला असताना, धावत आलेल्या ड्रायव्हरला काय सांगावं? "माहीच चूक झाली भाऊ." जीपमधल्या सगळ्यांनी ते ऐकलं. विमा कंपनीच्या वकिलाच्या हाती आयतं कोलीत मिळालं.

पुकारा झाला. श्रावण काठी टेकत पिंजऱ्यात चढला. कंपनीच्या वकिलानं फार वेळ घेतला नाही.

"तुमने ड्राइवर से कहा था कि गलती मेरी है?"

"हो साहेब, म्हटलं."

केशवरावांनी कपाळाला हात लावला नाही, एवढंच. उठून त्यांनी शांतपणे विचारलं, "का म्हटलं, श्रावण?"

"ते पोट्टं थरथर कापून राह्यलं होतं साहेब. रडून राह्यलं होतं. मले वाटलं, हे आता भीतीनंच मरते."

"ते ठीक. पण चूक कोणाची होती?"

ड्रायव्हर मधुकर मागच्या बाकावर मान खाली घालून बसला होता, मिसरूड फुटलेला पोरगा. श्रावणनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा चंद्रकलेकडे, आणि म्हणाला, "आता काय सांगू साहेब."

चंद्रकलेनं पदर तोंडाला लावला. सकाळची सगळी शाळा पाण्यात गेली होती. मला त्या माणसाचा राग आला, खरंच आला. दुसऱ्याचं मन राखण्याच्या नादात हा स्वतःच्या बायकोच्या तोंडचा घास काढून देत होता.

मग कंपनीच्या बाजूनं केसरबाई आल्या. त्याच जीपमधून जामसांवलीला चाललेल्या पांढुर्ण्याच्या बाई, ठसठशीत कुंकू, आवाज बाजाराला पुरणारा. न्यायाधीश बदली होऊन इकडे आले त्याला बरेच दिवस झाले होते, त्यांना मराठी कळायचं.

"हा मानूस 'माहीच चूक' म्हनला," केसरबाईंनी सांगितलं. "म्या माह्या कानानं आयकलं. दोनदा."

कंपनीचा वकील खूश होऊन बसला. केशवराव उठले. "दोनदा? दुसऱ्यांदा केव्हा?"

"नारळाच्या टायमाले."

"कसला नारळ?"

"माहा न जी, मारुतीले न्याचा. गचका बसला तसा मांडीवरून उडाला अन् याच्या टाळक्यावर जाऊन पडला. म्या म्हटलं, अगा माय, मेला वाटते. तर हा पडल्या पडल्या नारळ उचलून मले देते, म्हनते, 'माहीच चूक बाई, फुटला त नाही न?'"

न्यायाधीशांनी मान खाली घातली, पण खांदे हलताना दिसत होते. शिपाई तोंड फिरवून उभा राहिला. कंपनीचा वकील तेवढा हसला नाही.

केशवरावांनी हसू ओसरू दिलं. "केसरबाई, नारळ पडला तेव्हा हा होता कुठे? डांबरावर?"

"डांबरावर कायले? खाली, बाभळीपाशी. सायकल हाती धरून कडेकडेनं चालला होता बिचारा. आमीच गेलो त्याच्या अंगावर."

"तुम्ही नीट पाहिलं?"

"बाकीच्यायनं डोये मिटले होते, म्या नाही मिटले. अन् तोच नारळ म्या मारुतीपुढं फोडला. त्या नारळाचं खोटं बोलीन काय मी?"

वकील उठायला गेला, पण विचारणार काय? साक्षीदार त्याचीच होती. न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि श्रावणला पुन्हा बोलावलं. "बाई ने बता दिया। अब आप खुद बताइए।"

श्रावण काठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. चंद्रकलेनं पदर खाली घेतला होता. आणि मग तो हळू, पण सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाला, "मी रस्त्याच्या खाली होतो साहेब. माही चूक नोती."

त्याच्या तोंडून ते वाक्य त्याच्या बायकोनंही पहिल्यांदाच ऐकलं असेल.

निकाल पुढं आमच्याच बाजूनं लागला. भरपाईच्या पैशातून श्रावणनं कमरेएवढं उंच टेबल करून घेतलं, फळी धरायला त्याला शिकंजा बसवला, आणि आता तो उभ्यानं पेट्या ठोकतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या मनात राहिली ती त्या दिवशीची परतीची बस.

कोर्टाबाहेर मधुकर वाट पाहत उभा होता. चंद्रकलेच्या हातातली डब्याची पिशवी त्यानं घेतली आणि बसस्टँडपर्यंत आमच्या मागं मागं चालत आला. चंद्रकलेनं ती त्याला नेऊ दिली.

बसमध्ये गर्दी होती. श्रावणला कडेची जागा मिळाली, न वाकणारा पाय मधल्या वाटेत सरळ पसरलेला. उमरानाल्याला एक धिप्पाड माणूस चढला आणि गाठोडं सांभाळताना नेमका त्या पायावर पाय देऊन उभा राहिला. श्रावणनं तोंड उघडलं. मी आणि चंद्रकला, दोघंही त्याच्याकडे पाहू लागलो.

"पाय आहे भाऊ माहा," श्रावण म्हणाला. "जरा सरका."

तो माणूस "अरे, अरे" करत सरकला.

बाहेर संत्र्याच्या बागा मागं पडत होत्या. रामाकोना जवळ आलं, तसा श्रावण बायकोकडे झुकला.

"लय जोरात बोललो काय वं मी?"

"नाही," चंद्रकला म्हणाली आणि पिशवीतून एक संत्रं काढून सोलायला लागली.