नाटकातलं वारं

सरांनी सांगितलं म्हणून सुलीनं आठ दिवस डोक्याला फणी लावली नव्हती. वर डिंकाचं पाणी चोपडलं होतं. केस कसे दोरखंडासारखे लोंबले पाहिजेत. इंद्रजित सर शाळेच्या नाट्यमंडळाचे प्रमुख. प्रमुख म्हणजे तेच लेखक, तेच दिग्दर्शक, आणि काही बिघडलं की पहिल्यांदा गायब होणारेही तेच. भोरच्या तालुका विज्ञान नाट्य स्पर्धेसाठी यंदा त्यांनी अंधश्रद्धेवर नाटक लिहिलं होतं. एका सुनेच्या अंगात येतं, अख्खं गाव पाया पडतं, मग डॉक्टरीण येते आणि सांगते, हिच्या अंगात देवी नाही, हिला सासरचे उपाशी ठेवतात. सून झाली होती सुलक्षणा, म्हणजे सुली, आणि डॉक्टरीण सारिका. दोघी नववीत, एकाच बाकावर.

सुलीला घुमायला कुणी शिकवावं लागलं नाही. तिची सख्खी आत्या, ठकुबाई, गावाच्या वरच्या अंगाला देवीच्या देवळाशेजारी एका खोलीत राहायची. ठकुबाई स्वतः चौथीत असताना तिच्या केसात जट निघाली. झालं, पोरगी देवीची. शाळेतलं नाव काढलं, लग्नाचं नाव घ्यायचं नाही, जटेला कात्री लावायची नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी सगळं गाव तिच्या पायावर डोकं ठेवायला हजर. उरलेले पाच दिवस ती जेवली का मेली, विचारायला कुत्रं फिरकत नव्हतं. मान लई आणि माणूस एक नाही, असं ते जगणं.

सुली दिवसाआड तिची भाकरी घेऊन जायची. आत्या कशी मान टाकते, कसा हुंकार देते, सगळं तिला पाठ. पण गेल्या दिवाळीत आत्या तिच्याकडं टक लावून बघत म्हणाली होती, "माझ्यामागं हितं दिवा कोण लावणार गं सुले?" तेव्हापासून सुली भाकरी उंबऱ्यावर ठेवायची आणि मागं न बघता उतरायची.

स्पर्धेच्या आधी नाटक एकदा गावासमोर व्हावं म्हणून सरांनी ते गॅदरिंगमध्ये घेतलं. जानेवारीची दुपार, शाळेचं पटांगण, बाकं जोडून केलेला स्टेज, पुढं सतरंजीवर बायका, मागं पुरुष उभे. इथपर्यंत ठीक होतं. घोळ हलगीनं केला. तालमीत हलगी मोबाईलवर वाजायची. सरांना वाटलं, खरी वाजली तर मजा येईल. म्हणून त्यांनी कोंडिबाला बोलावलं. हा कोंडिबा देवळात मंगळवारी हलगी वाजवणारा. त्यानं नाटकासाठी वेगळं काही वाजवलं नाही. त्याला जे येत होतं ते वाजवलं.

पहिल्या चार ठोक्यांत सतरंजीवरच्या तीन बायका डोलायला लागल्या.

सुलीनं ते पाहिलं, पण तिला वाटलं, रंगलंय. तिनं मान टाकली, केस फेकले, आत्यासारखा पोटातून हुंकार काढला. पटांगण असं गप झालं की हलगीच्या दोन ठोक्यांमध्ये सुलीला स्वतःच्या पैंजणांचा आवाज यायला लागला. मग पुढची एक म्हातारी उठली, बाकावर चढली आणि सुलीच्या पायावर पडली. तिच्यामागं दुसरी, तिसरी. कुणीतरी कपाळाला कुंकवाचा मळवट भरला. डोळ्यात गेलं, चरचरलं. हलगी थांबेना. सुलीनं विंगेकडं पाहिलं. सारिका पांढरा कोट घालून तिथं उभी होती, पण मध्ये बायकांची भिंत.

"अवो मी सुली हाय," ती म्हणाली. "नाटक हाय ह्ये."

"लेकराच्या तोंडानं बोलती बघा," एक बाई म्हणाली.

"खरंच नाटक हाय. सरास्नी इचारा."

सर स्टेजच्या कडेला होते. हातात माईक होता, चालू होता. त्यातून त्यांच्या श्वासाचा आवाज सगळ्या पटांगणात येत होता. दोन महिने ह्याच माणसानं वर्गात फळ्यावर लिहून दिलं होतं, प्रश्न विचारा, पुरावा मागा. आता त्यानं माईक काखेत धरला आणि दोन्ही हात जोडले.

सारिका मात्र खालून आत शिरली. "आजी, सोडा तिला. तिचं पाठांतर हाय ह्ये सगळं. ह्याच्यापुढं माझं वाक्य हाय."

"तू गप," ती म्हातारी म्हणाली. "तुमच्यात न्हाई देवाचं. तुला काय कळतंय त्यातलं."

सारिकाचं तोंड उतरलं, पण ती हलली नाही. एवढं मोठं पटांगण, आणि आपल्या जागेवर उभी राहिलेली ती एकटी.

मग सुलीचा बाप पुढं आला. हनुमंत. त्याला बघून सुलीच्या जीवात जीव आला. दादा हात धरील, खाली ओढील, झालंच तर एक कानफटात देईल, घरी नेईल. हनुमंत बाकापाशी आला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. हलगीचा ठोका हळू झाला.

"आई," तो आपल्या पोरीला म्हणाला, "आमच्याकडनं काय चुकलं का?"

सुलीनं "दादा" म्हणून हाक मारली. तो आणखी वाकला. सकाळीच त्यानं तिला, नाटक झालं की सरळ घरी ये, म्हणून खडसावलं होतं. आता तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता.

आणि तेवढ्यात एका बाईनं तिच्या केसात हात घातला. ती ओरडली नाही, अगदी हळू म्हणाली. हळू म्हणाली म्हणूनच सगळ्यांना ऐकू गेलं. "जट हाय. कानामागं. ही बघा."

हलगी थांबली.

गेनबा गावातला जाणता म्हातारा. लग्न असो, बांधाचं भांडण असो, शेवटचा शब्द त्याचा. तो काठी टेकत आला, वाकून कानामागं बघितलं, मान हलवली. "अंगठ्याएवढी हाय. आता कुणी फणी लावायची न्हाई हिला. घरीबी न्यायची न्हाई. ठकूला बोलवा. ती म्हणंल तसं."

"शाळा?" हनुमंतानं विचारलं. तेवढं तरी विचारलं.

"देवीला कसली शाळा," गेनबा म्हणाला.

माणूस वर जाऊन आत्याला घेऊन यायला अर्धा तास लागला. तो अर्धा तास सुली स्टेजवर बसून होती. तिला उठू दिलं नाही. ओटीत नारळ येऊन पडत होते, खण पडत होते. तिला लघवीला लागली होती, पण देवीला लघवीला लागली असं सांगायचं कुणाला? सारखी ती हिशेब करत होती. आत्या आता थकली. खोकला सहा महिन्यांचा. तिला दिवा लावायला कुणीतरी पाहिजे. कुणीतरी सोबतीला पाहिजे. तिच्या जागी मी असते तर काय म्हटलं असतं? सुलीला उत्तर येत होतं, म्हणून ती देवळाच्या वाटेकडं बघत नव्हती.

आत्या आली तेव्हा गर्दी आपोआप फाटली. वाळलेली काया, डोक्यावर जटांचं वेटोळं, चालताना दोनदा थांबून खोकली. स्टेजवर चढून तिनं सुलीचं डोकं मांडीवर घेतलं. अंगाला कापराचा आणि ओल्या घोंगडीचा वास. बोटं कानामागं गेली, गाठ चाचपली. तोंड सुलीच्या कानाशी आलं.

"किती दिस केस इंचरलं न्हाईस?"

"आठ."

"कुणी सांगितलं?"

"सरांनी. डिंक लावलाय, आत्या."

आत्याची बोटं गाठीवरच फिरत राहिली. सुलीला वाटलं, संपलं सगळं.

"मला मुदतीचा ताप व्हता," आत्या म्हणाली. "महिनाभर हातरुणात. आईला रानातनं येळ न्हवता माझं केस इंचरायला."

एवढंच. सुलीला कळायला क्षण लागला, आणि कळल्यावर तिला रडूही येईना.

आत्यानं सुलीला मांडीवरून ढकललं. डोळे फिरवले, हुंकार दिला. सतरंजीवरच्या बायका जागच्या जागी आडव्या झाल्या. हा हुंकार खरा का खोटा, सुलीला आजही सांगता येणार नाही.

"म्या हितं जिती असताना," आत्या घुमत म्हणाली, "दुसरीच्या पाया पडताय व्हय रं? कुणाला इचारून? गेनबा, तुला इचारती मी."

गेनबाची काठी खाली पडली. "चुकलं आई. जट दिसली म्हणून..."

"माझी जट म्या वळकत न्हाई? तेल आणा. फणी आणा."

सारिकानं मेकअपच्या डब्यातली फणी काढून दिली, तेल कुणीतरी शेजारच्या घरातनं आणलं. आत्यानं गाठीवर तेल ओतलं आणि फणी घातली. फणी अडली. पुन्हा घातली, पुन्हा अडली. डिंक वाळून लाकूड झाला होता. पटांगणात शंभर माणसं श्वास धरून, आणि सुलीच्या डोक्याची कातडी प्रत्येक हिसक्याला उचलली जात होती. तिला ओरडायचं होतं; ओरडली तर पुन्हा अंगात आलं म्हणतील म्हणून तिनं ओठ दातात धरला. गाठ सुटली नाही तर? नुसत्या दोन बोटं डिंकावर तिचा सगळा जन्म अडकला होता.

मध्येच आत्याला खोकल्याची उबळ आली, फणी गळून पडली. गेनबा पुढं वाकून बघायला लागला. आत्यानं फणी उचलली, गाठ दातात धरून चावली, डिंक थुंकला, पुन्हा तेल घातलं. आणि एक बट मोकळी झाली. मग दुसरी. शेवटी फणी वरपासून खालपर्यंत सरकत गेली.

"सुटली," आत्या म्हणाली. "माझी सुटंल का? ये, कुणीबी ये, सोडवून बघ."

कुणी गेलं नाही.

एका पोरीनं खरं सांगितलं, दुसरीनं कोट घालून खरं सांगितलं, कुणी ऐकलं नाही. तेच देवीनं सांगितलं, तर सगळ्यांना पटलं. त्या दुपारी शाळेच्या पटांगणात विज्ञानाची एवढीच किंमत झाली. गर्दी सुलीला सोडून आत्याच्या पायाशी गेली. सरांनी माईक काखेतून काढला आणि पुढचा कार्यक्रम समूहगीत असल्याचं जाहीर केलं.

बायका ओटी भरत असताना आत्यानं सुलीला जवळ ओढलं. "म्या हाय तवर कुणी हात लावणार न्हाई तुला. पर आज त्यांनी बघितलंय. इसरणार न्हाईत. बारावी झाली की हितनं निघ." आणि पदर तोंडावर धरून खोकली. पदर बाजूला झाला तेव्हा त्यावर लाल ठिपका होता. कुंकू नव्हतं ते.

भोरच्या स्पर्धेला सरांनी प्लॅस्टिकबंदीवरचं नाटक नेलं. सुली गेली नाही. ती त्याच्या आधीच, सोमवारी सकाळच्या एसटीनं आत्याला घेऊन भोरला गेली होती. स्टँडवर गेनबा भेटला. "देवीला कुठं चालवली गं?" त्याच्या आवाजात नुसती चौकशी नव्हती.

"भोरात एक नवस फेडायचा हाय म्हणती," सुली म्हणाली. इतकं सरळ खोटं ती कधी नाटकातही बोलली नव्हती.

सरकारी दवाखान्यात आत्याच्या छातीचा फोटो काढला, बेडका तपासला. दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं, ती पुन्हा घेऊन गेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. म्हणाल्या, क्षय आहे, बरा होतो, सहा महिने रोज गोळ्या. एक दिवस चुकवायचा नाही. पोटभर जेवण पाहिजे.

"गोळ्या कोण देणार ह्यांना?"

"मी."

"तू कोण?"

"भाची."

"शाळेत जातेस ना? रोज जमेल?"

"जमंल," सुली म्हणाली. "बाई, ह्या बऱ्या होत्यात ना पण? म्हंजे लवकर काही... अजून साडेतीन वर्षं तरी?"

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. साडेतीन वर्षांचं काय गणित आहे, ते त्यांनी विचारलं नाही. "गोळ्या चुकल्या नाहीत तर बऱ्या होतील," त्या म्हणाल्या आणि पुढचा केसपेपर ओढला.

परतीच्या एसटीत आत्या खिडकीला टेकून झोपली. जटांचं वेटोळं घसरून सुलीच्या खांद्यावर आलं, ओल्या पोत्यासारखं जड. सुलीनं ते हलवलं नाही. गोळ्यांची पाकिटं तिनं शर्टाच्या आत, पोटाशी धरली होती. गाडी वळणं घेत वर चढत होती. आत्याचा श्वास कुठं अडकला, की सुली ताठ व्हायची, कान देऊन ऐकायची, आणि श्वास पुन्हा सुरू झाल्यावरच बाहेर बघायची.