नाव पुसलेली ॲसिडची बाटली

मित्रांनो, मी शाळेच्या प्रयोगशाळेतली एक जुनी, जाड काचेची बाटली आहे. भट्टीजवळ कुणीतरी गाल फुगवून मला फुंकलं आणि काचेचंच बूच घासून घासून माझ्या तोंडात नेमकं बसवलं. माझ्या पोटात आलं ॲसिड.

ॲसिड म्हटलं की मुलं दोन पावलं मागे सरत. मला वाईट वाटे. पण विज्ञानाच्या बाई म्हणत, "अरे, लिंबात ॲसिड आहे, गाडीच्या बॅटरीत आहे, अन्न पचवायला तुमच्या पोटातसुद्धा आहे!"

"आणि आमच्या आत्याच्या जिभेवरही!" एक मुलगी म्हणाली. वर्ग खो-खो हसला. त्या दिवसापासून तिचं नाव 'लिंबू' पडलं.

मला रोज फडक्याने पुसत ते प्रयोगशाळेचे मामा. "काय गं, आज शांत आहेस ना?" असं विचारत. पण ओतताना ओघळलेल्या थेंबांनी माझ्यावरच्या चिठ्ठीची अक्षरं खाऊन टाकली. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

एके सकाळी तापलेल्या परीक्षानळीने लिंबूचं बोट भाजलं. ती कळवळली. मामांनी घाईघाईने हाताशी असलेली बाटली उचलली. ती मी होते!

"पाणी आहे पोरी, गार वाटेल हं."

माझ्या काचेला तर वाचाच नव्हती. पण पाणी गार आहे ना, हे बघायला मामांनी आधी स्वतःच्या तळहातावर दोन थेंब घेतले.

"आई गं! लिंबू, मागे हो!"

बाई धावत आल्या. त्यांनी मामांचा हात नळाखाली धरला, शेजारीच लिंबूचं बोट. पाणी कितीतरी वेळ वाहत राहिलं.

"मामा, वाचलं नाहीत?"

"नाव उरलंय कुठं तिच्यावर? आणि असतं तरी..." मामा म्हणाले. "वर्ष झालं बाई, अक्षरंच दिसत नाहीत. नोकरी जाईल म्हणून बोललो नाही."

बाई म्हणाल्या, "मला तर दिसतं ना! तरी नाव पुसलंय हे माझ्याही लक्षात आलं नाहीच की." दुसऱ्या दिवशी त्या स्वतः मामांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

लिंबूने पट्टी बांधलेल्या बोटाने नवी चिठ्ठी लिहिली. मामांनी नवा चष्मा नाकावर सरकवून ती मोठ्याने वाचली, "ॲसिड. जपून!"

मित्रांनो, मला घाबरू नका, पण माझ्याशी बेफिकीरही राहू नका. माझ्यावर नाव ठळक लिहा. आणि कुणाला ते वाचता येत नसेल, तर तसं सांगायची त्याला भीती वाटणार नाही, असं वागा.