गैरहजर माणसाची जागा

सयाजी सरांचा एक नियम होता. तालमीला कुणी आलं नाही, तर त्याची वाक्यं दुसऱ्यानं वाचायची नाहीत. त्याचं वाक्य जेवढा वेळ घेईल तेवढं गप्प राहायचं आणि मग पुढं जायचं. "जागा भरू नका, सोडा," असं ते चाळीस वर्षं शिकवत आले. शाहूपुरीतल्या त्या हॉलमध्ये त्यांनी कितीतरी नट घडवले, आणि तितकेच रडवलेही. मी नसरीन, त्यांची प्रॉम्प्टर, नट विसरला की विंगेतून वाक्य देणारी. तीस वर्षांत एक शब्द इकडचा तिकडं केला नाही, आणि त्याचा मला चांगलाच गर्व होता.

संयोगिता त्यांची सगळ्यांत गुणी विद्यार्थिनी. मला ती लाडानं 'आपाबाई' म्हणायची, दुसरं कुणीच तसं म्हणत नसे. सहा वर्षांपूर्वी तिचा प्रयोग चालू असताना बिद्रीहून फोन आला. तिची आई शेवटच्या घटका मोजत होती. फोन मीच घेतला. सर म्हणाले, "पडदा पडल्यावर सांग." मी तसंच केलं. ती पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पुन्हा ती हॉलची पायरी चढली नाही, आणि गेल्या वर्षी तापाचं निमित्त होऊन तीही गेली.

यंदा सरांनी तेच नाटक काढलं. बापाचं काम स्वतः घेतलं, पण मुलीच्या कामाला कुणालाच घेईनात. "ती गैरहजर हाय," एवढंच म्हणायचे. माझं डोकं सणकायचं, पण मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची?

शेवटच्या प्रवेशात बाप विचारतो, "पोरी, मला माफ केलंस?" मुलगी म्हणते, "हो." एका अक्षराची ती जागा. पण सर तिथं रोज जास्त वेळ थांबायला लागले. एका दुपारी मी घड्याळ बघितलं, तर चार मिनिटं झालेली. सर रिकाम्या जागेकडं कान लावून उभे होते.

आणि मला ऐकू आलं. स्पष्ट, तिच्याच आवाजात. "न्हाय."

शेजारी आमच्यातलाच एक नट, राजवीर, पाणी पीत उभा होता, त्याच्या हातातला ग्लास खाली पडला. म्हणजे त्यानंही ऐकलं होतं. सरांना अलीकडं कमी ऐकू येतं. ते वळले, डोळे भरलेले. "नसरीन, काय म्हणाली गं ती?"

मला त्यांची दया आली, आणि स्वतःची जास्त. मी संहितेवर बोट ठेवलं. "हो म्हणाली, सर."

ते लहान पोरासारखे रडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी जयसिंगपूरच्या राजनंदिनीला ते काम दिलं. पोरगी नवी, संयोगिताला तिनं कधी पाहिलंही नव्हतं. पाठांतर मात्र चोख.

सर तिच्या अगदी जवळ गेले. "पोरी, मला माफ केलंस?"

"न्हाय," राजनंदिनी म्हणाली. आवाज तिचा नव्हता. मग तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. "आणि आपाबाई, तुला बी न्हाय."

या वेळी सरांना ऐकू गेलं होतं. ते हळूहळू माझ्याकडं वळले. पुढचं वाक्य त्यांना आठवत नव्हतं, आणि मला ते देता येईना.