मास्तर ‘जातो’ म्हणाले म्हणून

साहेब, आमच्या ताईला तुम्ही घरी बसवलंत ते एका दारासाठी. माणूस गेला असता आणि दार शाबूत राहिलं असतं, तर तुमचं काहीच बिघडलं नसतं!

काय झालं ते ऐका. एकट्या म्हाताऱ्यांची मनं सांभाळायला ताई तुमच्या केंद्रातून रोज फोन करायची. आमच्या मजल्यावरच्या शिंपी मास्तरांना बायको गेल्यापासून घास गिळवत नव्हता. ताई म्हणायची, “काका, केंद्रात नाच शिकवतात, या ना!” मास्तर “येतो” म्हणून फोन ठेवायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे.

मंगळवारी ते म्हणाले, “जातो.”

आपल्यात निघताना कोणी ‘जातो’ म्हणतं का? ‘येतो’ म्हणतात. जातो तो कायमचा. ताईनं लगेच पुन्हा फोन लावला, उचलेनात. स्कूटर दामटत आली आणि जिन्यातूनच ओरडली, “दार तोडा!”

तोडणारे कोण? गुडघ्याला पट्टा बांधलेला मी आणि कानाचं मशीन घरी विसरलेला माझा दोस्त भोंगा.

“काय जोडू?” भोंगा विचारतोय.

“तोड रे, बहिऱ्या!”

तिघांनी धक्का दिला, आणि दारासकट आत, एकावर एक आडवे!

समोर मास्तर. अंगात लग्नातला सूट, गालाला साबण, रेडिओ ठणाणा, आणि मिठीत शिवणकामाचा बिनडोक्याचा पुतळा. गिरकी अर्ध्यावर थांबलेली.

“काका, ‘जातो’ काय म्हणता हो!” ताई रडायलाच लागली.

“अगं, ‘येतो’ म्हणून रोज थापा मारल्या तुला. आज खरंच निघालो होतो, नाचायला!”

“वाचायला?” भोंगा म्हणाला. “सुटाबुटात?”

मास्तर असे हसले की पुतळ्यासकट खाली बसले. मग आम्ही सगळेच नाचायला गेलो. माझा पट्टा सुटला, भोंगा दुसऱ्याच गाण्यावर नाचला.

तुम्ही मात्र ताईला लिहिलंत, ‘विनाकारण मालमत्तेचे नुकसान’. तिच्या जागी आता तुमचं यंत्र फोन करतं. ‘बरे असाल तर एक दाबा.’ काल मास्तरांनी काहीच दाबलं नाही. दुपारी मी डोकावलो, तर परत भिंतीकडे तोंड.

तुमच्याकडून कोण आलं बघायला? ताईला कामावर परत कधी घेताय? ‘बघू’ नकोय. तारीख सांगा.