हिरव्या पट्ट्याच्या खाली

आमच्या यांनी उभा जन्म एका टेकडीवर घालवला आणि तिथे त्यांना डायनासोर सोडून बाकी सगळं सापडलं.

टेकडी लाल, हात लावला की भुगा होणाऱ्या दगडाची. डायनासोर नुकते कुठे रांगायला लागले होते, कुत्र्याएवढे, आणि त्यांना कुणी भीक घालत नव्हतं, त्या काळातली. तेव्हा राज्य दुसऱ्यांचंच होतं. मगरीसारखे काही, पालीसारखे काही, आणि एक डुकराएवढा, चोचीचा, पाला खाणारा. हा चोचवाला तर जिथे खणावं तिथे हजर. लोक विचारत, "मग, डायनासोर मिळाला का?" हे म्हणत, "नाही हो. शेजारी भेटले. ते घरी नव्हते."

आता हे अंथरुणाला खिळलेत. दोन वाक्यं बोलले की तिसऱ्याला दम घ्यावा लागतो. नाकात नळी, उशाशी घरघरणारं यंत्र.

त्या दुपारी चिकट्या आला. हा यांचा शेवटचा विद्यार्थी. हाडं जोडताना बोटांना सदा गोंद, म्हणून चिकट्या. आता यांच्याच खुर्चीवर बसतो, पण आमच्या घरात त्याला बढती मिळालेली नाही. खुर्ची मिळाल्यापासून त्याचे पाय आमच्या जिन्याला लागले नव्हते. आज फळं घेऊन आला, तेव्हाच मी ओळखलं, स्वारीला काहीतरी हवंय.

"सर, कोठीतली जुनी गाठोडी उघडायला काढलीत."

गाठोडं म्हणजे हाडांसकट कापून काढलेला दगड. त्यावर ओल्या कागदाचा थर, वर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. टेकडीवर बांधायचं आणि आणून सवडीनं सोडायचं. सवड कुणालाच नसते, त्यामुळे गाठोडी पडून राहतात.

"त्यातलं एक टेबलाखालचं होतं," चिकट्या म्हणाला. "तुम्ही ज्याच्यावर पाय ठेवून चहा प्यायचात, ते."

"चोचवाला आहे त्यात. त्याची काय घाई?"

चिकट्या खुर्चीच्या कडेला सरकला. "वर चोचवाल्याच्या बरगड्या आहेत, सर. पण त्यांच्याखाली दुसरं कुणीतरी आहे. कमरेचं हाड मोकळं केलंय. मांडीचा गोळा बसतो ना, तिथे भोक आहे."

"आरपार?"

"आरपार, सर."

एवढ्या संसारात मीही इतकं शिकले होते: त्या जागी बाकीच्यांना वाटी असते, डायनासोरला खिडकी. उशी सारखी करायच्या निमित्तानं मी यांच्या तोंडाकडे पाहिलं. वाटलं, हसतील. निदान रडतील तरी. हे छताकडे बघत राहिले.

"पाय ठेवून चहा," हे म्हणाले.

"कुणाच्याच लक्षात आलं नसतं, सर."

"मी कुणीही होतो का रे?"

चिकट्यानं हातातली किल्ली उगाच या बोटातून त्या बोटात फिरवली. मग मुद्द्यावर आला. कोठी गळली होती, त्यात गाठोड्यावर लिहिलेलं धुऊन गेलं. त्या दिवसाची दुसरी नोंद नाही. "नुसतं हाड असून काय करू, सर? पत्ता नसला की ते अनाथ. एवढंच सांगा, हिरव्या पट्ट्याच्या वर सापडलं की खाली?"

टेकडीच्या मध्यावर हातभर जाडीचा हिरवट थर आहे, पोटावर पट्टा आवळल्यासारखा. त्याच्या वरची माती आणि खालची माती सारखीच लाल, बघून सांगता येत नाही. पण वरच्या काळातले असे डायनासोर इतरांनाही मिळालेत. खालचा असला तर त्याच्याहून जुना अजून कुणी पाहिलेला नाही.

हे बराच वेळ दम घेत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ही आली होती त्या दिवशी. आई दवाखान्यात होती. हिनं घाई केली, म्हणून नीट बघता आलं नाही. नाहीतर दिसलं असतं मला."

घाई!

सासूबाई म्हणाल्या होत्या, "त्याला घेऊन ये गं." माझी आई मला आठवतही नाही. आई म्हणून हाक मारायला मी शिकले ती त्यांच्यापाशी. मिळाला त्या ट्रकनं गेले, पुढे चढ पायी चढले. तर हे म्हणाले, "प्लास्टर कालवलंय, वाया जाईल. दोन पट्ट्या बांधतो की निघूच." दोन पट्ट्या म्हणता म्हणता अख्खी गोणी संपली. मग ते सुकायचं. मग उलटवायचं. मग खालच्या बाजूला पुन्हा पट्ट्या. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा सासूबाईंच्या खाटेवरची चादर बदलत होते.

"वर," हे म्हणाले. "पट्ट्याच्या चांगलं पुरुषभर वर."

चिकट्याचं तोंड उतरलं. "नक्की, सर?"

"गाठोडं मी बांधलंय की तू?"

मला कळलं, हे काय चाललंय. वरचा म्हटला की तो चारचौघांतला एक, ओळखता आला नाही तर नाही. खालचा म्हटला की जगातला पहिला, आणि त्याच्यावर आपण पाय ठेवून चहा प्यायलो. स्वतःची चूक लहान करायला यांनी जनावरच लहान करून टाकलं.

चिकट्या उठला. यांच्यासाठी मी आजवर पुष्कळ गिळलं होतं, हेही गिळता आलं असतं. आजारी माणूस, जाऊ दे. पण पट्ट्याच्या वर नुसतं ऊन आहे. माझी ती दुपार यांनी उचलून भलतीकडेच नेऊन ठेवली होती.

"वर नव्हे," मी म्हणाले. "खाली."

"अगं, तुला काय कळतं त्यातलं?"

"दगडातलं नाही कळत. पण मी सावलीत बसले होते. हिरवा थर छज्ज्यासारखा पुढे आलाय ना, त्याच्याखाली. आणि तुम्ही समोर पाठ करून, हात लांबवला तर लागेल इतके जवळ. मी म्हणत होते, 'चला हो, त्या वाट बघतायत.'"

"काकू," चिकट्याचा आवाजच फिरला, "ती कपार दाखवाल?"

"डोळे मिटून."

यांनी मान वळवून पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मी मरेपर्यंत तरी थांबायचंस."

"आई थांबल्या होत्या की," मी म्हणाले.

चिकट्या "येतो सर, येतो काकू" करत जिना उतरला, आणि अर्ध्या जिन्यातूनच त्यानं कुणालातरी फोनवर "खाली! खालचाच आहे!" म्हणून ओरडून सांगितलं. ते वर स्वच्छ ऐकू आलं.

संध्याकाळच्या गोळीच्या वेळी यांचं तोंड भिंतीकडेच होतं. मी खांद्याला हात लावला.

"इतकी जवळ बसली होतीस," हे भिंतीला म्हणाले, "तर तुला तरी दिसायला हवं होतं."

मी गोळी त्यांच्या जिभेवर ठेवली आणि पेला ओठांशी धरला.